हलका लॅपटॉप घेताय? वजन कुठून कमी केलंय ते आधी बघा

बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की नागोठणे आणि आसपासच्या गावांत घराघरातून एकच विचारणा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घ्यावा? कुणी रोह्याला जाणार असतं, कुणी पेणला, कुणी नवीन पनवेलच्या अंजुमन-इ-इस्लाम कालसेकर टेक्निकल कॅम्पसला, कुणी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात. काही मुलं हॉस्टेलला राहतात, पण बरीचशी रोज ये-जा करतात. मुलींच्या बाबतीत तर बहुतेक घरांचा आग्रहच असतो की संध्याकाळी घरी यायचं. म्हणजे जो काही लॅपटॉप घेऊ तो रोज खांद्यावरून जाणार आणि रोज परत येणार.

हा खर्च लहान नाही. बहुतेक घरांत चार वर्षांत एकदाच होतो आणि त्या एका लॅपटॉपवर मोठीचं कॉलेज, धाकट्याचे क्लास आणि अब्बांचे ऑनलाइन फॉर्म असं सगळं चालतं. निवड चुकली तर दुसरा घेता येत नाही. मग काय होतं, तर जड लॅपटॉप घरीच राहतो, मुलगी मोबाईलवर असाइनमेंट करते, आणि पैसे मात्र गेलेले असतात. म्हणून 'हलका लॅपटॉप' म्हणजे नक्की काय आणि तो कसा पारखायचा, हे आम्ही इथे जरा सविस्तर देत आहोत.

वजन म्हणजे नुसता लॅपटॉप नव्हे

साधा १५.६ इंची लॅपटॉप साधारण १.६ ते १.९ किलोचा असतो. गेमिंगचा म्हणून विकला जातो तो सव्वादोन किलोच्या पुढे, आणि त्याचा चार्जरच अर्धा किलोच्या आसपास. १३-१४ इंची हलका लॅपटॉप १.१ ते १.४ किलोत बसतो. कागदावर फरक अर्ध्या किलोचा दिसतो. पण बॅगेत त्याच्याबरोबर चार्जर असतो, पाण्याची लिटरची बाटली म्हणजे आणखी एक किलो, डबा, वह्या, छत्री. हे सगळं घेऊन रिक्षाने नागोठणे स्टेशन, तिथून दिवा-रोहा मेमूत जागा मिळाली तर बसून नाहीतर उभं राहून पनवेल, आणि पुढे पुन्हा रिक्षा किंवा बस. शेवटचा अर्धा किलो तेव्हाच कळतो.

म्हणून बॉक्सवरचा आकडा वाचून थांबू नका. चार्जरसकट वजन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवून बघायला काही हरकत नाही. आमच्या मते रोज प्रवास करणाऱ्यासाठी चार्जर धरून दीड किलो ही चांगली मर्यादा आहे, पावणेदोन किलोपर्यंत चालून जातं. त्यापुढे गेलं तर लॅपटॉप वाईट असेल असं नाही, पण तो टेबलावर ठेवायचा लॅपटॉप आहे असं समजा.

आता खरा मुद्दा. हलकेपणा फुकट मिळत नाही. कंपनीने कुठून तरी वजन काढलेलं असतं. ते कुठून काढलंय, हा प्रश्न दुकानात विचारायला शिका.

बॅटरीतून काढलंय का?

स्वस्त लॅपटॉपमध्ये वजन कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लहान बॅटरी. जाहिरातीत 'दहा तास' लिहिलेलं असतं. ते स्क्रीन मंद ठेवून, एकच व्हिडिओ चालवून मोजलेले तास असतात. तुम्ही वॉट-अवर हा आकडा बघा. तो कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. दुकानात मिलीअँपिअर-अवर सांगितले तर त्याला व्होल्टने गुणून हजाराने भागा: ४४०० गुणिले ११.४ भागिले १००० म्हणजे साधारण ५० वॉट-अवर.

हिशोब सोपा आहे. लिहिणं-वाचणं, ब्राउझर, वायफाय अशा साध्या कामात बरा लॅपटॉप सात-आठ वॉट खातो. ३६ वॉट-अवरची बॅटरी असेल तर ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार तास. ५६ ची असेल तर सात तास. व्हिडिओ क्लास चालू असेल तर बारा वॉट धरा, मग तेच आकडे तीन तास आणि साडेचार तासांच्या वर येतात. आणि हे सगळं नवीन असताना. तीन वर्षांनी बॅटरीत ऐंशी टक्के जीव उरला असं धरलं तर ३६ वाली साडेतीन तासांवर येते. सकाळी सातला घर सोडणाऱ्या मुलीला दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी प्लग शोधत फिरावं लागतं.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, गाडीत सीटजवळ प्लग मिळेल याचा भरवसा नाही. त्यामुळे ५० वॉट-अवरच्या खाली जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बॅटरीसाठी शंभर-दीडशे ग्रॅम जास्त गेले तर जाऊ द्या. मोठी बॅटरी असलेला १.४ किलोचा लॅपटॉप चार्जर घरी ठेवून नेता येतो. लहान बॅटरीचा १.२ किलोचा चार्जरशिवाय नेता येत नाही. बॅगेत कोणता हलका पडला?

यातच टाइप-सी चार्जिंगचा विषय येतो. गोल पिनेचा चार्जर असला तर तो फक्त त्याच लॅपटॉपला लागतो. टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ४५ किंवा ६५ वॉटचा लहान चार्जर फोनलाही चालतो आणि लॅपटॉपलाही. मात्र टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही. कित्येक स्वस्त मॉडेलमध्ये ते फक्त डेटासाठी असतं. 'पॉवर डिलिव्हरी' आहे का हे विचारा, जमलं तर दुकानातच तसा चार्जर लावून बघा. पॉवर बँकचंही तसंच. फोनची साधी पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही, ४५-६५ वॉट देणारी लागते.

की रॅमच्या जागेतून?

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आता बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली येते. खाच नाही, म्हणजे जागाही वाचते आणि वजनही. पण पुढे वाढवायची सोय संपते. पूर्वी लोक चार जीबीचा घेऊन दोन वर्षांनी दुकानात आठ करून घ्यायचे, ते आता इथे होत नाही. विंडोज ११ ला कागदावर चार जीबी पुरते. प्रत्यक्षात विंडोज स्वतःच तीन-चार जीबी घेऊन बसते, ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेतं, मग आठ जीबीत ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि एक ऑनलाइन क्लास यांची ओढाताण होते.

तेव्हा नियम असा धरा: रॅम सोल्डर केलेली असेल तर आजच सोळा जीबी घ्या. एक खाच रिकामी असेल तर आठ चालेल, पुढे बघता येईल. विक्रेता म्हणेल, "भाई, आय-फाइव्ह आहे, काही टेन्शन नाही." प्रोसेसरचं नाव ऐकून रॅमचा प्रश्न सोडू नका.

नावांवरून आठवलं. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा अंक बघायचा असतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दोन्ही 'रायझन ५', ऐकायला सख्खे भाऊ. पण पहिल्यात जुनी झेन २ रचना आणि चारच कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३ आणि सहा कोअर. किमतीत थोडाच फरक असेल तर दुसरा घ्या.

साठवणीचंही एक सांगून टाकतो. ईएमएमसी लिहिलेलं असेल तर ती मोबाईलसारखी बोर्डावर बसवलेली साठवण असते, मंद आणि न बदलता येणारी. एनव्हीएमई एसएसडी घ्या, ५१२ जीबी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क तर प्रवासात नकोच. पळस्पे ते इंदापूर महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून आपण बघत आलोय, त्या रस्त्याचे धक्के हार्ड डिस्कला मानवणारे नाहीत.

धातूत आणि बिजागरीत

चांगला मार्ग म्हणजे हलका धातू. ॲल्युमिनियमपेक्षा मॅग्नेशियम हलकं, एका घनसेंटीमीटरला २.७ ग्रॅमच्या जागी १.७ च्या आसपास. एलजीचा 'ग्राम' लॅपटॉप मॅग्नेशियम मिश्रधातूवरच हलका झाला. हात लावल्यावर तो थोडा लवचीक वाटतो, लोकांना प्लास्टिकचा भास होतो, पण तो कमकुवतपणा नाही. इथे वजनाची किंमत तुम्ही रोख मोजलेली असते, लपवलेली नसते.

वाईट मार्ग म्हणजे पातळ प्लास्टिक आणि त्यात स्क्रूने धरलेली बिजागरी. वर्षा-दीड वर्षात कोपरा उकलतो, स्क्रीन उघडताना खालचं झाकण वर येतं. दुरुस्ती करणाऱ्यांकडे अशा लॅपटॉपची रांगच असते. दुकानात एक साधी चाचणी करा. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडा. सगळी स्क्रीन वळली, करकर आवाज आला तर सोडून द्या. मग कीबोर्डच्या मधोमध जरा दाबून बघा, तो खोल जाता कामा नये.

स्क्रीनची चमकही तपासा. २५० निट्सची स्क्रीन घरात ठीक वाटते, गाडीत खिडकीशी बसलं की काही दिसत नाही. ३०० च्या वर हवी, आणि आयपीएस पॅनल. टीएन पॅनलवर मान जरा हलवली की रंग उलटे होतात.

एकदम हलके आणि एकदम स्वस्त

हलक्याची हौस नवी नाही. २००७ मध्ये असूसचा 'ई-पीसी' आला, सात इंची स्क्रीन, एक किलोच्या आत. त्याच्यामागून नेटबुकची लाटच आली. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तो १.३६ किलोचा होता आणि महाग होता. नेटबुक काही वर्षांत संपले, कारण हलके असले तरी काम करायला मंद होते. एअरची पद्धत मात्र सगळ्यांनी उचलली.

आपल्याकडे अगदी जवळचं उदाहरण म्हणजे रिलायन्सचा जिओबुक. नागोठण्याला रिलायन्सचं नाव कारखान्यामुळे ओळखीचंच आहे, त्यामुळे या लॅपटॉपबद्दल इथे उत्सुकता असणं साहजिक. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं मॉडेल ९९० ग्रॅमचं, ११.६ इंची, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, आत ४जी सिमची सोय, आणि जाहीर किंमत १६,४९९ रुपये. वजन आणि किंमत दोन्ही बाबतीत त्याला तोड नव्हती. शाळेतल्या मुलाला व्हिडिओ बघायला, टायपिंग शिकायला, ऑनलाइन फॉर्म भरायला ते पुरतं. पण त्यावर जिओओएस चालते, ती ॲन्ड्रॉइडवर आधारलेली आहे. म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम नाहीत. टॅली शिकणाऱ्या कॉमर्सच्या मुलाला, ऑटोकॅड लागणाऱ्या डिप्लोमाच्या मुलीला ते उपयोगाचं नाही. इथे वजन कामातूनच काढलेलं आहे असं म्हणावं लागेल. वाईट वस्तू नाही, पण कॉलेजची वस्तू नाही.

दुसऱ्या टोकाला मॅकबुक एअर. एम४ चा १३ इंची एअर मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा ९९,९०० रुपयांचा होता, विद्यार्थ्यांना ८९,९००. वजन १.२४ किलो, पंखा नाही, रॅम सोळा जीबीपासून. बॅटरी खरोखर दिवसभर पुरते. पण टॅली मॅकवर थेट चालत नाही, आणि काही बिघडलं तर बदलण्याजोगं आत जवळजवळ काही नसतं. मुलाचा अभ्यासक्रम काय आहे, कॉलेजात कुठले प्रोग्रॅम लागतात, हे विचारल्याशिवाय एवढे पैसे टाकू नका. थ्रीडी डिझाइन, ॲनिमेशन हे विषय असतील तर पंखा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला जड लॅपटॉपच लागतो. तिथे हलक्याचा हट्ट धरू नये.

उर्दू लिहायचंय?

हा भाग लॅपटॉपच्या परीक्षणात कुठेच येत नाही, म्हणून इथे. उर्दू माध्यमातले शिक्षक, मदरशाचे परिपत्रक काढणारे, लग्नपत्रिका लावणारे अजून इनपेज वापरतात आणि ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. साध्या वापरासाठी विंडोजमध्येच उर्दू कीबोर्ड चालू करता येतो आणि 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालिक फॉन्ट पूरक अरबी लिपी फॉन्टच्या संचातून घेता येतो. पैसे लागत नाहीत. मराठीचा फोनेटिक कीबोर्डही तसाच मिळतो.

आखाती देशातून लॅपटॉप आणला तर त्यावर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं छापलेली असतात. अरबी लिहिणाऱ्याला उत्तम. पण उर्दूतले टे, डाल, ड़े त्यावर सापडणार नाहीत, ती अक्षरं अरबीत नाहीतच.

चाचांकडून मागवावा का?

आपल्या भागातल्या बहुतेक कुटुंबांत कुणी ना कुणी आखातात आहे, त्यामुळे 'चाचांना सांगतो, येताना आणतील' हे ठरलेलं वाक्य. भारतात लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, संयुक्त अरब अमिरातीत व्हॅट पाच टक्के आहे, सौदीत पंधरा. तेव्हा दुबईहून फायदा होऊ शकतो, सौदीहून फारसा नाही. सीमाशुल्काच्या नियमात १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. दुसऱ्यावर शुल्क लागू शकतं, म्हणून एका माणसाच्या सामानात दोन देऊ नका. आणताना तो हातातल्या बॅगेत ठेवावा. लॅपटॉपची बॅटरी साधारण शंभर वॉट-अवरच्या आतच असते, ती विमानात चालते. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात अजिबात टाकू नये.

मागवण्याआधी वॉरंटी विचारा. ती आंतरराष्ट्रीय आहे की त्या देशापुरती, हे कंपनी आणि मॉडेलनुसार बदलतं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता सिरीयल नंबर घेऊन भारतातल्या ग्राहक सेवेला विचारलेलं बरं. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा असतो. त्यासाठी ॲडाप्टर लावून लोंबकळत ठेवण्यापेक्षा भिंतीपासून चार्जरच्या डबीपर्यंतची वायर बदलून घ्या, ती वेगळी मिळते आणि स्वस्त असते. डबीवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं की इथल्या विजेवर चालते.

वापरलेला घ्यायचा असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप मिळतात. यातले काही फार चांगले असतात, कारण ते मुळात फिरतीच्या लोकांसाठीच बनवलेले. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०एस साधारण १.३ किलोचा, थिंकपॅड एक्स१ कार्बन सहावी आवृत्ती १.१ किलोच्या जवळ. नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा यांची बिजागरी आणि कीबोर्ड मजबूत. पण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी. त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचा 'अगदी नव्यासारखा' म्हणून स्वस्तात देऊ करतील, मोहात पडू नका.

बॅटरीचा जीव बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', जागा सोडून स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. जो अहवाल निघतो त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसते. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. सुरू करताना बायोसचा पासवर्ड मागतो का, कुठल्या कंपनीचं नाव येतं का, मॅक असेल तर जुन्या मालकाचा ॲपल आयडी निघालाय का, हे तिथेच बघा. आणि सिरीयल नंबर लिहिलेलं बिल घ्याच. चोरीचा माल निघाला तर त्रास घेणाऱ्याला होतो.

हप्त्यांबद्दल

आपल्यातले पुष्कळ जण व्याज नको म्हणून 'नो कॉस्ट ईएमआय'चा मार्ग धरतात. त्यात काय असतं ते माहीत असावं. बहुतेक वेळा बँक हप्त्यांवर व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि बेरीज सारखी दाखवते. व्याजाच्या रकमेवर जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळं पडू शकतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते असं म्हटलं होतं. स्टेटमेंटवर व्याजाची ओळ स्पष्ट दिसते. मसला आपल्या आलिमांना विचारावा, पण विचारताना ही ओळ त्यांना दाखवावी. पैसे साठवून सहा महिने उशिरा घेतला, तोवर कॉलेजच्या लॅबवर भागवलं, तर पहिल्या सत्रात फारसं अडत नाही.

पावसाळा

जुलैमध्ये अंबा नदी पात्र सोडते तेव्हा नागोठण्यात काय होतं ते सांगायला नको. बॅग 'वॉटरप्रूफ' म्हणून विकली तरी चेनमधून पाणी जातं. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग कव्हरमध्ये, मग बॅगेत. पाण्याची बाटली त्याच कप्प्यात नको. एसीतून बाहेर दमट हवेत आल्यावर अर्धा तास थांबून मग चालू करा, आत दव धरलेलं असू शकतं. पाणी गेलंच तर लगेच बंद करा, चार्जर काढा, चालू होतो का बघायचा मोह टाळा, तांदळात ठेवू नका, सरळ दुरुस्तीला न्या. साध्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण असतं. रोज मेमूने जाणाऱ्यासाठी ते घेण्यासारखं आहे, पण घेण्याआधी आपल्या पिनकोडला माणूस घरी येतो की लॅपटॉप पनवेल किंवा मुंबईला न्यावा लागतो, एवढं लेखी विचारून घ्या.